कमी बजेटमध्ये पहिली रोड बाईक: पैसे कुठे लावायचे आणि कुठे वाचवायचे

रोड बाईकचे भाग दोन प्रकारचे असतात. टायर, सीट, पेडल, चेन, ब्रेकचे पॅड, हँडलची टेप हे कधीही बदलता येतात आणि त्यांचा खर्च झेपतो. फ्रेम, तिचं माप, फोर्क (पुढचं चाक धरणारा दुफाटा), ब्रेकचा प्रकार आणि मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, जात मात्र एकदा घेतली की घेतली. खिशात मोजकेच पैसे असतील तर ते या दुसऱ्या प्रकारावर लावावेत आणि तडजोड करायचीच असेल तर ती पहिल्यात करावी. विकणारा नेमकं उलटं दाखवतो. झकास रंग, जाड अक्षरांत छापलेली 'स्पीड'ची संख्या आणि "एका हाताने उचलून बघा किती हलकी आहे" हे आवतण. म्हणून खाली प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न धरून ठेवला आहे: हे नंतर बदलता येईल का, आणि येत असेल तर कितीला पडेल?

१. आधी बजेटमधून वीस टक्के बाजूला काढा

ठरवलेल्या शंभरातले ऐंशीच सायकलसाठी आहेत असं समजा. उरलेल्या विसात हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, दोन जादा ट्यूब, टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, अ‍ॅलन की असलेलं छोटं मल्टीटूल आणि काटा असलेला उभा पंप बसवायचा. हेल्मेटवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी यांसारख्या मानकाचा शिक्का आणि डोक्याला नीट बसणारा आकार एवढं बघा. त्यापुढचे पैसे बहुतेक वेळा वारा खेळता राहण्यासाठी, वजनासाठी आणि दिसण्यासाठी असतात.

पंपात काटकसर करू नका. रोडच्या अरुंद टायरमधली हवा काही दिवसांत आपोआप उतरते आणि बोटाने दाबून ४० पीएसआय आणि ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) यांतला फरक भल्याभल्यांना कळत नाही. पॅड असलेली एक शॉर्ट पहिल्या महिन्यातच हवीशी वाटेल. जर्सी, स्पीड मोजायचं कॉम्प्युटर, क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे, बूट हे सगळं थांबू शकतं.

एक गोष्ट विचारून घ्या: सायकलसोबत पेडल मिळतात का? मधल्या किमतीपासून वर अनेक रोड बाईक पेडलशिवायच विकल्या जातात आणि ते शेवटच्या क्षणी समजतं.

२. खरंच रोड बाईक हवी आहे का?

रोजचं पाच-सहा किलोमीटर जाणं-येणं, पाठीमागे सामान आणि मध्ये बराचसा फुटका रस्ता एवढाच उपयोग असेल, तर सरळ हँडलची हायब्रिड त्याच पैशांत जास्त चांगली मिळते. कारण साधं आहे. रोड बाईकच्या वाकड्या हँडलवर ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये असतात. ती लिव्हरची जोडी महाग असते आणि स्वस्त सायकलच्या किमतीचा मोठा वाटा तीच खाते. सरळ हँडलवर तेवढे पैसे फ्रेम आणि चाकांकडे वळतात.

रोड बाईक घ्यावी ती सलग तासभर किंवा त्याहून जास्त चालवायची असेल तर, सोबत कुणी रोडवाले असतील तर, किंवा फक्त वेगाची हौस आहे म्हणून. हौस हे पुरेसं कारण आहे. जास्त खोल विचार करू नका, पण दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: तुमच्या रस्त्यांवर चढ किती आहेत आणि रस्ता किती खडबडीत आहे. पुढे गिअर आणि टायर निवडताना हाच कागद लागणार आहे.

३. माप

इथे घाई करू नका. मापात बसणारी साधी सायकल माणूस वर्षानुवर्षं चालवतो. चुकीच्या मापाची भारी सायकल भिंतीला टेकून राहते.

सुरुवात घरीच करा. अनवाणी, पाठ भिंतीला लावून उभे राहा. कडक पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी मोजून घ्या. ही पायाची आतली लांबी. तिला ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे क्रँक जिथे फिरते त्या जागेच्या, मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची अंदाजे उंची मिळते. हे सूत्र ग्रेग लेमाँड या टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या अमेरिकन सायकलपटूच्या नावाने ओळखलं जातं. पायाची लांबी ८० सेंटिमीटर असेल तर सीटची उंची ७०.६ येते. दगडावरची रेघ मानू नका, पण सुरुवात करायला हा आकडा उत्तम आहे.

आता फ्रेम. स्मॉल, मीडियम किंवा ५२, ५४ ही लेबलं एका कंपनीपुरती खरी असतात. पूर्वी तो आकडा सीट ट्यूबची सेंटिमीटरमधली लांबी सांगायचा. आताच्या फ्रेमची वरची नळी मागे उतरती असते, त्यामुळे त्या आकड्याचा प्रत्यक्ष कुठल्याच नळीशी नीट मेळ बसत नाही. म्हणून दोनच मापं बघा, स्टॅक आणि रीच. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या, म्हणजे फोर्कची नळी जिच्यात बसते त्या पुढच्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. कंपनीच्या वेबसाइटवर जॉमेट्रीच्या तक्त्यात दोन्ही दिलेली असतात.

शर्यतीच्या ढंगाच्या ५४ च्या फ्रेममध्ये स्टॅक ५४० मिलिमीटरच्या आसपास आणि रीच ३८५ च्या आसपास दिसेल. लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या, ज्यांना एन्ड्युरन्स म्हणतात, त्या फ्रेममध्ये त्याच मापाला स्टॅक ५७० च्या पुढे आणि रीच ३७५ च्या आसपास असतो. दोन-तीन सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण दोन तासांनंतर मान आणि कंबर त्यांचा हिशेब मागतात. पहिल्या रोड बाईकसाठी, वय आणि लवचीकता काहीही असो, मी एन्ड्युरन्सकडे झुकेन. हँडल खाली आणायला स्टेमखालचे (स्टेम म्हणजे हँडल धरणारा तुकडा) स्पेसर, म्हणजे कड्या, काढून वर ठेवले की झालं. शर्यतीच्या फ्रेमवर हँडल वर नेणं तितकं सोपं नाही, कारण फोर्कची नळी एकदा कापली की वाढत नाही.

एक बारकावा. हेड ट्यूब मागे कललेली असते, त्यामुळे १० मिलिमीटरचा स्पेसर घातला की हँडल वर जातं आणि जवळपास ३ मिलिमीटर मागेही येतं. दोन सायकलींच्या रीचची तुलना करताना हे लक्षात ठेवा. स्टॅक कमी असलेल्या फ्रेमवर तुम्ही स्पेसर रचणार असाल तर तिचा कागदावरचा रीच प्रत्यक्षात थोडा कमी भरेल.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर बहुतेक वेळा लहान माप बरं. ९० चा स्टेम काढून ११० चा लावता येतो, सीटपोस्ट वर घेता येते. मोठी फ्रेम लहान करता येत नाही. मात्र पाय आखूड आणि धड लांब असेल, किंवा पाठ वाकवायला त्रास होत असेल, तर हा नियम डोळे मिटून लावू नका. अशा वेळी दोन्ही मापांचे स्टॅक शेजारी ठेवून बघा. ढोबळ खूण म्हणजे, सायकल अंगाला बसवण्यासाठी ७० मिलिमीटरपेक्षा आखूड किंवा १३० पेक्षा लांब स्टेम लागत असेल तर फ्रेमचं मापच चुकलं आहे. "स्टेम बदलून देतो, सगळं बसेल" या आश्वासनावर तिथे विश्वास ठेवू नका.

हात लहान असतील तर लिव्हर बोटांच्या जवळ आणता येते का ते विचारा. बहुतेक लिव्हरमध्ये त्यासाठी स्क्रू किंवा पाचर असते.

४. फ्रेम आणि फोर्क

कमी बजेटमध्ये अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा फोर्क ही जोडी शोधा. अ‍ॅल्युमिनियम हलकं, ताठ आणि गंज न धरणारं, आणि कार्बन फोर्क हातापर्यंत येणारा रस्त्याचा बारीक थरथराट कमी करतो. फोर्क पूर्ण कार्बनचा असण्याची गरज नाही. खालचे दोन पाय कार्बनचे आणि वरची नळी अ‍ॅल्युमिनियमची असली तरी चालतं.

स्टीलमध्ये दोन जाती आहेत. क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं मिश्रधातूचं स्टील, सुरेख असतं आणि त्याची सायकल बसायला मऊ लागते. 'हाय-टेन' असं लिहिलेलं असेल तर ते साधं, जाड भिंतीचं, जड स्टील. ते वाईट नाही, फक्त रोड बाईकच्या किमतीला घेऊ नका. अगदी स्वस्तातली नवी कार्बन फ्रेम दिसली तर बाकीचे भाग नीट तपासा. पैसे कुठून तरी कापलेले असतातच, आणि ते बहुधा चाकांतून आणि ब्रेकमधून कापलेले असतात.

फ्रेमवर मडगार्ड आणि कॅरियरसाठी स्क्रूची भोकं आहेत का, किती रुंद टायर बसतो आणि बॉटम ब्रॅकेट आट्यांचा आहे की दाबून बसवलेला, हे तीन प्रश्न विचारा. दाबून बसवलेले अनेकदा कुरकुरतात आणि काढा-घालायला वेगळी अवजारं लागतात. आट्यांचा असेल तर बरं.

५. गिअर: संख्या नव्हे, सर्वांत हलका गिअर बघा

शिमानो या गिअर बनवणाऱ्या कंपनीच्या रोड श्रेणी खालून वर साधारण अशा ओळखल्या जातात: टुर्नी ७ स्पीड, क्लॅरिस ८, सोरा ९, टियाग्रा १०, आणि त्यावर १०५, जी आधी ११ आणि आता १२ स्पीड आहे. स्पीड म्हणजे मागच्या चक्रांची संख्या. हल्ली खालच्या श्रेणींच्या जागी कंपनी क्यूज ही नवी मालिका आणते आहे. तिच्यात लिंकग्लाइड प्रकारच्या कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचे संच, असतील तर त्या जुन्या हायपरग्लाइडच्या शिफ्टरबरोबर चालत नाहीत, एवढं सुटे भाग घेताना लक्षात असू द्या. शिमानोशिवाय मायक्रोशिफ्टचे गिअरही या किमतीत दिसतात आणि त्यांना नाक मुरडायचं कारण नाही.

माझ्या मते रेषा क्लॅरिसवर ओढावी. त्याखालच्या टुर्नीच्या लिव्हरमध्ये एका दिशेचा गिअर अंगठ्याने बदलायचा असतो, आणि हात हँडलच्या खालच्या वाकणात असताना तिथे अंगठा पोचत नाही. क्लॅरिसमध्ये दोन्ही दिशांचे गिअर ब्रेक लिव्हरमागूनच बदलतात. त्याच्या ८ स्पीडच्या चेन आणि कॅसेट स्वस्त असतात, दणकट असतात आणि थोडी हेळसांड सहन करतात. सोरा मिळाला तर आनंद, पण सोरासाठी फोर्कमध्ये किंवा मापात तडजोड करू नका.

खरा महत्त्वाचा आकडा म्हणजे सर्वांत हलका गिअर. पुढच्या, पेडलजवळच्या लहान चक्राच्या, म्हणजे चेनरिंगच्या, दात्यांना मागच्या सर्वांत मोठ्या चक्राच्या दात्यांनी भागायचं. रोडच्या चाकाचा परीघ जवळपास २.१ मीटर असतो, त्यामुळे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते हे लगेच निघतं.

जुन्या शर्यतीच्या सायकलवर ३९ आणि २५ अशी जोडी असायची. भागाकार १.५६, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ३.३ मीटर. ३४ आणि २८ ला २.५५ मीटर. ३४ आणि ३४ ला बरोबर २.१ मीटर. आता मिनिटाला ७० फेरे मारायचे धरले, तर हे वेग अनुक्रमे ताशी १३.८, १०.७ आणि ८.८ किलोमीटर होतात. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो असतील आणि चढ ८ टक्के असेल, तर एवढ्या वेगांना साधारण २७५, २१० आणि १७० वॅट लागतात. नव्या माणसाला २७५ वॅट एक-दोन मिनिटांच्या पलीकडे टिकवणं अवघड जातं. १७० वॅट थोड्या सरावाने बऱ्याच जणांच्या आवाक्यात येतात. पायांत जोर कमी पडला की फेरे ७० वरून ५० वर घसरतात आणि गुडघे बोलू लागतात. एवढा सगळा फरक पुढच्या-मागच्या एकेका चक्रातल्या दात्यांचा.

तेव्हा पुढे ५०/३४ ची जोडी, जिला कॉम्पॅक्ट म्हणतात, आणि मागे ३२ किंवा ३४ पर्यंत जाणारी कॅसेट घ्या. तुमच्या कागदावर चढ लिहिलेच नसतील तर २८ पुरेल. कॅसेट नंतर बदलता येते, पण मागचं डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, किती मोठं चक्र पेलतं याला मर्यादा असते, म्हणून ती आधी विचारून ठेवा.

वेगाची चिंता करणाऱ्यांसाठी: ५० आणि ११ च्या जोडीवर मिनिटाला ९० फेरे मारले तर ताशी ५१ किलोमीटर होतात. ५० आणि १४ वरही ४० होतात. पुढे ५२ किंवा ५३ दात्यांची चेनरिंग हवीच असं कुणी सांगत असेल तर हसून पुढे व्हा.

६. मागच्या हबची जात

हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून वेगळं लिहितो आहे. स्वस्त चाकांच्या मागच्या हबवर फ्रीव्हील आट्यांनी चढवलेलं असतं. चांगल्या हबवर फ्रीहब असतो आणि त्यावर कॅसेट सरकवतात. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग चक्रांच्या आतल्या बाजूला राहतं, त्यामुळे धुऱ्याचा बराचसा भाग आधाराविना लोंबकळतो आणि खड्ड्यांत वाकतो किंवा मोडतो. फ्रीहबमध्ये तेच बेअरिंग बाहेर, फ्रेमच्या जवळ येतं. वर फ्रीव्हीलमध्ये पुढे गिअर वाढवायला जागाही फारशी नसते.

ओळखायचं कसं? मागची चक्रं उलटी फिरवा आणि मध्ये अवजार घालायच्या खाचांकडे बघा. खाचा चक्रांबरोबर फिरत असतील तर कॅसेट, जागेवर थांबल्या असतील तर फ्रीव्हील. रोड बाईक म्हणून विकली जाणारी सायकल फ्रीव्हीलची निघाली, तर दुसरी बघा.

७. ब्रेक, टायर आणि वजन

रिम ब्रेक चाकाची कड दाबतो आणि डिस्क ब्रेक हबवरची चकती; रिम ब्रेकची फ्रेम पुढे डिस्कची होत नाही, म्हणून हा निर्णय आधीच घ्यावा लागतो. हायड्रॉलिक डिस्क सगळ्यांत चांगले, पण या बजेटमध्ये क्वचित सापडतील. केबलवरचे डिस्क सापडतात आणि त्यांत दोन टोकं असतात. हलक्या प्रतीच्या कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो आणि तो चकती दाबत दाबत समोरच्या स्थिर पॅडवर नेतो. सारखं ॲडजस्ट करा, सारखं खरखर ऐका. त्यापेक्षा दोन धुऱ्यांचा (ड्युअल पिव्हट) चांगला रिम ब्रेक हलका, स्वस्त आणि घरी दुरुस्त होणारा. मात्र तुमच्याकडे लांब उतार आणि पाऊस दोन्ही असतील तर डिस्कसाठी थोडे जास्त पैसे मोजा. ओल्या रिमवर पहिला क्षणभर ब्रेक लागतच नाही, आणि रिमही झिजत जाते. डिस्कच्या फ्रेमला रुंद टायर बसतो हा जोडफायदा. रिम ब्रेकच्या नेहमीच्या कॅलिपरखाली २५ किंवा फार तर २८ मिलिमीटरचा टायर मावतो.

टायर २८ चा घ्या, खडबडीत रस्त्याला ३२ चा. अरुंद आणि दगडासारखा टणक टायर वेगवान असतो ही समजूत जुनी झाली. तेवढ्याच दाबाला रुंद टायर कमी विरोधाने घरंगळतो, आणि त्यात दाबही कमी ठेवता येतो. ७० किलोच्या माणसाने २८ च्या टायरला ६५ ते ७५ पीएसआयपासून सुरुवात करून अंदाज घ्यावा. नव्या स्वस्त सायकलवरचे टायर बहुधा ताठ आणि जड असतात. ते झिजेपर्यंत वापरा आणि मग चांगले घ्या. एवढ्या कमी पैशांत सायकल एवढी बदलणारा दुसरा कुठलाच बदल मला माहीत नाही.

वजनाबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना यूसीआयने शर्यतीच्या सायकलला किमान ६.८ किलोची मर्यादा घातली आहे. तुमच्या बजेटमधली सायकल १० ते ११ किलोची असेल. एक किलो कमी केला तर ८० किलोच्या एकूण ओझ्यात सव्वा टक्का फरक पडतो, म्हणजे अर्ध्या तासाच्या तीव्र चढावर जेमतेम वीस सेकंद. सपाटीवर ताशी ३० च्या वेगाला जवळपास तीन-चतुर्थांश ताकद हवा कापण्यात जाते आणि त्या हवेला मुख्यतः तुमचं अंग अडतं. कोपर वाकवून थोडं खाली झुकलात की तो किलो फुकटात वसूल होतो.

८. जुनी सायकल घेणार असाल तर

त्याच पैशांत एक-दोन श्रेणी वरची सायकल जुन्यात मिळते, आणि माप माहीत झाल्यावर जुनी घेणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. माप माहीत नसताना घेऊ नका, कारण परत करायची सोय नसते.

दिवसाउजेडी बघा. पुसलेली सायकल मागा. हेड ट्यूबच्या मागे, खालच्या नळीच्या पोटाशी रंगाला सुरकुती, फुगवटा किंवा भेग दिसली तर ती समोरून आपटलेली आहे. तिथून निघा. बॉटम ब्रॅकेटभोवतीच्या वेल्डिंगवरून आणि सीट ट्यूबच्या वरच्या कडेवरून नख फिरवा. जुनी कार्बन फ्रेम जाणकार सोबत नसेल तर टाळा. आतली इजा बाहेरून दिसेलच असं नाही.

सीटपोस्ट सैल करून थोडी वर-खाली करून बघा. अ‍ॅल्युमिनियमची पोस्ट स्टील किंवा कार्बनच्या फ्रेममध्ये वर्षानुवर्षं न हलवता राहिली तर क्षरणाने अशी पकडते की कधीकधी कापून काढावी लागते. "मला हीच उंची लागते म्हणून कधी हलवली नाही" हे वाक्य ऐकलं तर हात लावून खात्री कराच.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला. टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे फोर्क ज्यावर फिरतो ते बेअरिंग, सैल. क्रँक धरून आडवी हलवा. खेळ असेल तर बॉटम ब्रॅकेट गेला. चाकं फिरवून ब्रेकच्या पॅडपाशी रिम डुलते का बघा. थोडा आउट काढता येतो, उभा धक्का किंवा वाकलेली रिम नाही. रिम ब्रेक असेल तर रिमच्या बाजूवर झिजेची खूण म्हणून बारीक खड्डा किंवा खाच असते. ती नाहीशी झाली असेल किंवा बाजू आत वाकल्यासारखी लागत असेल तर रिम संपली. मागून बघून डिरेलर ज्या पत्रीवर टांगलेलं असतं ती सरळ आहे का तेही पाहा. वाकलेली पत्री स्वस्तात बदलते, पण ती कशी वाकली ते विचारा.

चेन साध्या पट्टीने मोजता येते. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर भरतात, म्हणजे बरोबर १२ इंच. ३०६.३ झाले असतील तर चेन बदलायची वेळ जवळ आली. ३०७.८ च्या पुढे गेली असेल तर कॅसेटही बहुधा तिच्यासोबत खराब झाली. चेन, कॅसेट, दोन्ही टायर, सगळ्या केबल आणि हँडल टेप यांचा खर्च मागितलेल्या किमतीत मिळवा आणि मगच नव्या सायकलशी तुलना करा. पुष्कळ 'स्वस्त' सौदे या बेरजेत गळतात.

फार जुन्या स्टीलच्या सायकली दिसायला देखण्या असतात. पण चाकं २७ इंची आहेत की ७००सी, ते टायरवर वाचा. दोघांच्या रिमचा व्यास अनुक्रमे ६३० आणि ६२२ मिलिमीटर असतो आणि एकाचा टायर दुसऱ्याला चालत नाही. फ्रेमच्या ज्या दोन टोकांत मागचं चाक बसतं त्यांच्यामध्ये १३० ऐवजी १२६ मिलिमीटर भरले तर आजचं चाक सरळ बसणार नाही.

बॉटम ब्रॅकेटखालचा सीरियल नंबर वाचा, खरेदीची पावती मागा. नंबर खरवडलेला असेल तर ती सायकल चोरीची असू शकते आणि किमतीवर बोलत बसायची गरजच उरत नाही.

९. पैसे देण्याआधी

सीट तुमच्या हिशेबाच्या उंचीला लावून घ्या, टायरमध्ये हवा भरून घ्या आणि मगच चालवा. अंगणात एक चक्कर मारून काही कळत नाही. निदान पंधरा-वीस मिनिटं आणि एखादा चढ मागा. हात ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर ठेवल्यावर कोपर थोडे वाकलेले राहिले पाहिजेत. मान वर करून समोर बघताना ताण येता कामा नये. उभं राहून पेडल मारताना गुडघा हँडलला लागता कामा नये. जोर लावून चढताना पुढून-मागून सगळे गिअर एकदा बदलून बघा.

नव्यात गेल्या वर्षीचं मॉडेल असेल तर जरूर घ्या. अनेकदा फरक फक्त रंगाचा असतो. घासाघीस किमतीत जमली नाही तर चांगल्या टायरची जोडी, मापाचा स्टेम किंवा पहिली सर्व्हिस मागा. विकणाऱ्याला ते सोडणं सोपं जातं.

खोक्यातून आलेली सायकल स्वतः जोडणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. फोर्कचा बाक पुढे असला पाहिजे. उलटा बसवलेला फोर्क रस्त्यावर आश्चर्य वाटावं इतक्यांदा दिसतो. आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तिथे जोर लावून उजव्यासारखं फिरवलं तर क्रँकच खराब होते. स्टेम आणि सीटपोस्टच्या स्क्रूंवर छापलेला न्यूटन-मीटरचा आकडा पाळा. कार्बनचा भाग असेल तर टॉर्कचा पाना उसना आणा.

१०. पहिले काही आठवडे

नव्या केबल आणि त्यांची आवरणं पहिल्या काही फेऱ्यांत बसतात आणि गिअर अडखळू लागतात. सायकल बिघडली असं समजू नका. मागच्या डिरेलरपाशी किंवा केबलच्या वाटेत असलेला गोल अ‍ॅडजस्टर अर्धा फेरा सैल करत, म्हणजे केबल ताणत, जा. स्पोक याच काळात थोडे सैल पडतात, म्हणून चाकं एकदा जाणत्याकडून बघून घ्या. महिनाभरात सगळे स्क्रू पुन्हा एकदा तपासा. चेनला तेल घातल्यावर बाहेरचं पुसून टाकायचं, नाहीतर धूळ चिकटून सहाणेसारखं काम करते.

दुखणं कुठे आहे यावरून सीट हलवा. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. गुडघ्याच्या मागे दुखत असेल किंवा पेडल मारताना नितंब डावी-उजवीकडे डुलत असतील तर ती वर आहे. एका वेळी तीन ते पाच मिलिमीटरच, आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन फेऱ्या होऊ द्या. हाताला मुंग्या येत असतील तर आधी सीटचं नाक खाली झुकलं आहे का ते बघा. झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातांवर येतो. ती समतल करून, हँडलखालचा एखादा स्पेसर वाढवूनही मुंग्या थांबल्या नाहीत तरच आखूड स्टेमचा विचार करा.